आभार मानायला एक बाई हवी

लाउडस्पीकरच्या धंद्यात माझी सगळी उमर गेली आणि एवढ्या काळात माइकवर मी काय बोलले असेन तर इतकंच : "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन." दहापर्यंतसुद्धा कधी पोचले नाही. तिनालाच कोणीतरी कार्यकर्ता हात वर करून "बस, बस, ठीक आहे" म्हणायचा आणि मी मशीनमागच्या स्टुलावर जाऊन बसायची. त्यानंतर बोलायचे ते पुरुष. पुढारी पुरुष, प्राचार्य पुरुष, कामगार पुरुष, मालक तर पुरुषच. मला त्याची सवय झाली होती म्हणा. पण सवय झाली म्हणून राग गेला असं कोणी समजू नये.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण माझी भाची प्राची. ती कॉम्प्युटरमध्ये आहे. नेमकं काय करते ते तिने मला दोनदा समजावलं, मीही दोन्ही वेळा मान डोलावली. लोअर परळला एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आता झकपक हॉटेल झालंय, तिथे त्यांच्या धंद्यातल्या लोकांची मोठी परिषद भरणार आहे. प्राचीने वर्षभर खपून जे काम उभं केलं, त्यावर तिथे बोलणार तिचा साहेब. परवा तिचा फोन आला.

"आत्या, मलापण स्टेजवर चान्स मिळालाय. आभारप्रदर्शन! साहेब म्हणाले, बोलणारे सगळे पुरुषच झालेत, एक तरी लेडी दिसायला हवी."

सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी चहाचा कप असा आदळला की बशीला तडा गेला. जवळजवळ हेच शब्द मी आधी ऐकले होते. दादरच्या एका हॉलमध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत. "लेडी" तेवढं तेव्हा म्हणाले नव्हते, "बाई" म्हणाले होते.

आमचं दुकान लालबागला, मसाले कुटणाऱ्यांच्या शेजारी. आमच्या कर्ण्यांनासुद्धा मिरचीचा वास यायचा. बाबा कोकणातून गिरणीत कामाला आले, पण तारा आणि बॅटऱ्या यांच्या नादाने त्यांनी गिरणी सोडली आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायला सुरुवात केली. एका गणपतीत मांडवाच्या बांबूवर कर्णा बांधताना ते खाली आले आणि मांडीचं हाड मोडलं. माझा भाऊ तेव्हा अगदीच लहान. मॅट्रिक होऊन मी घरातच होते. पुढच्या ऑर्डरी घेतलेल्या. मी साडीचा काचा मारला आणि बांबूवर चढले. बघायला ही गर्दी! लोकांनी मला 'कर्णेवाली' नाव ठेवलं आणि ते अखेरपर्यंत चिकटलं.

लोकांना वाटतं, खांबाला कर्णा बांधला, बटण दाबलं, झालं काम. तसं नाही. माइकमधून येणारा आवाज असतो चिमणीएवढा. तो मशीनमध्ये मोठा होतो आणि मग कर्ण्यांत जातो. तेव्हाच्या मशीनमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असायचे. ते तापून लाल झाल्याशिवाय मशीन बोलायचं नाही. एकदा वीज गेली की परत आली तरी व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळी सभा खोळंबायची. कर्ण्याचं तोंड माइककडे वळलं की अशी शिट्टी वाजायची की अध्यक्ष कान धरायचे आणि डोळे माझ्यावर वटारायचे.

आणि एक गोष्ट कोणालाच दिसत नाही, ती म्हणजे माइकची उंची. दांडा वरखाली करता येतो, पण तो लावायचा कोणाच्या मापाने? पहिल्या वक्त्याच्या. पहिला वक्ता पुरुष, म्हणजे माप पुरुषाचं. गिरगावात डॉक्टर लोकांची एक सभा होती. त्यात कधी नव्हे ते एका डॉक्टरीणबाईंना बोलावलेलं. त्या उभ्या राहिल्या तर माइक त्यांच्या कपाळाला. मी उठून दांडा खाली करायला निघाले, तर संयोजक दबक्या आवाजात म्हणाले, "राहू द्या हो, दोन मिनिटांचंच आहे त्यांचं." बाई टाचा उंचावून बोलल्या. मागचे लोक म्हणाले, बायकांचा आवाजच पोचत नाही. त्या दिवसापासून मी कोणाला विचारायचं सोडून दिलं. बाई उठली की मी उठायची आणि दांडा खाली करायची.

अजून एक सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. एखादा वक्ता लांबला की अध्यक्ष किंवा चिटणीस माझ्याकडे बघून टेबलाखालून हात फिरवायचे, नळ बंद केल्यासारखा. म्हणजे आवाज हळूहळू उतरव. वक्त्याला वाटायचं मशीन बिघडलं, तो आटोपतं घ्यायचा. सगळ्या लाउडस्पीकरवाल्यांना ही खूण ठाऊक होती. मी ती कितीतरी पुढाऱ्यांवर वापरली आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

चळवळ जोरात होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या सगळ्या भागात रोज कुठे ना कुठे सभा. परळला झाली की लालबाग, लालबागला झाली की दादर. मोर्चात बायका पुढे असायच्या, लाठीचा पहिला तडाखा त्यांच्या पाठीत. पण मी कर्णे बांधले त्या सभांना व्यासपीठावर बहुतेक वेळा बाई दिसायची ती हाराचं तबक घेऊन. मुंबईसाठी डोकी फोडून घ्यायला बाई चालते, मुंबईबद्दल बोलायला चालत नाही! मी मशीनमागे बसून दात खायची.

त्या दिवसांत एका सकाळी शांताताई दुकानात आल्या. शांता जाधव. परळच्या चाळीत आमच्या ओळखीच्यांच्या मजल्यावर राहायच्या. वडील गिरणीत, घरात नुकतीच बुद्धाची तसबीर लागलेली. त्या चाळीतली पहिली बी.एस्सी. मुलगी म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवायचे. गिरणीच्या प्रयोगशाळेत सुताची तपासणी करायच्या.

"सुलू, मला माइकवर बोलायची सवय करायचीय," त्या म्हणाल्या. "गिरण्यांतल्या तंत्रज्ञांची परिषद आहे दादरला. माझा निबंध घेतलाय त्यांनी."

बाबा पाय लांब करून खाटेवर पडलेले. ते म्हणाले, "गो सुलू, दी तिका माइक. माइक कोणाच्या बापाशीचो नसता. जो फुडे उभो रवता, तेचो."

मग रोज गिरणीत जाण्याआधी शांताताई दुकानात यायच्या. माइकपासून वीतभर लांब राहायचं, वाकायचं नाही, कागदाचा आवाज करायचा नाही, हे मी सांगायची. त्या मला निबंध समजावायच्या. मला तो पाठ झाला. तो साधा असा होता.

गिरणीत सूत आधी वाइंडिंग खात्यात जातं. तिथे सगळ्या बायका. लहान कांडीवरचं सूत त्या मोठ्या कांडीवर घेतात, मध्ये तुटलं की गाठ मारतात. मग त्या सुताला खळ लावतात, गरम पिंपांवरून नेऊन वाळवतात आणि ते साच्यावर, म्हणजे मागावर चढतं. साच्यावर धागा तुटला की साचा थांबतो. त्या वर्षी साचे फार थांबत होते आणि सगळे म्हणत, बायका गाठी ढिल्या मारतात. व्यवस्थापनाने ठरवत आणलं होतं की गाठी मारणारी यंत्रं आणायची आणि बायकांना घरी पाठवायचं.

शांताताईंनी तुटलेले धागे गोळा केले आणि भिंगाखाली धरले. गाठी शाबूत होत्या. धागा तुटत होता गाठीपासून लांब, भलत्याच जागी. कारण काम उरकायच्या घाईत पिंपं फार तापवत होते. खळ करपून कडक व्हायची आणि सूत काडीसारखं मोडायचं. दोष बायकांच्या बोटांत नव्हता. तो खळीच्या खात्यात होता आणि तिथला मास्तर मोठ्या साहेबांचा खास माणूस.

"हे सगळ्या गिरण्यांच्या लोकांसमोर एकदा बोलले ना, की मग बायकांना कोणी हात लावू शकणार नाही," शांताताई म्हणायच्या. "आणि काम माझं आहे हेही लोकांना कळेल. नाहीतर मी जन्मभर बाटल्या धुणारी."

परिषदेच्या दिवशी दादरच्या हॉलमध्ये कर्णे मीच लावले. हॉल गच्च भरलेला, पंखे गरगरतायत. खुर्च्यांवर साहेब, मॅनेजर, मागे जॉबर, म्हणजे मुकादम मंडळी. एका कडेला सतरंजीवर वाइंडिंगच्या पाचसहा बायका बसवलेल्या, कारण स्वागतगीत त्यांनी गायचं होतं. त्यांत कृष्णाबाई होती, साताऱ्याकडची, खात्यातली सगळ्यांत जुनी.

शांताताई नवी सुती साडी नेसून आल्या. परिषदेचे चिटणीस त्यांना दारातच भेटले. मी तारा सोडवत जवळच होते, म्हणून सगळं ऐकलं.

"मिस जाधव, थोडा बदल आहे. निबंध तुमचे साहेब वाचतील. त्यांच्या नावाला वजन आहे. तुम्ही आभारप्रदर्शन करा."

"पण काम मी केलंय."

"त्यांच्याच हाताखाली ना? आणि हे बघा, सगळे पुरुषच बोलतायत. आभार मानायला एक बाई हवी. शोभा येते कार्यक्रमाला."

शोभा! तोरणालाही शोभा येते, कुंडीलाही येते. बी.एस्सी. झालेल्या बाईला बोलावलं ते कुंडीच्या जागी ठेवायला. शांताताई पर्स घट्ट धरून माझ्या मशीनशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"जायचं का आपण घरी?" मी विचारलं.

"नाही. ते काय वाचतात ते ऐकू दे आधी."

साहेबांनी वाचलं. सुरुवात जशीच्या तशी, मला तर पुढचा शब्दही पाठ. पण खळीचं पान आलंच नाही. ते त्यांनी गिळलं होतं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "सारांश, वाइंडिंग खात्यातल्या स्त्रियांच्या सदोष गाठी हे मुख्य कारण असून, त्या जागी यंत्रं आणणं हाच उपाय आहे." टाळ्या पडल्या. सतरंजीवरच्या बायका, ज्यांनी तासाभरापूर्वी याच साहेबांचं गाऊन स्वागत केलं होतं, एकमेकींकडे बघत राहिल्या. बाईच्याच मेहनतीने तिच्याच माणसांचा गळा कापायचा, आणि वर तिनेच आभार मानायचे! आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतंय.

बाकीची भाषणं झाली आणि आभाराची वेळ आली. मी उठले, दांडा खाली केला. शांताताई उभ्या राहिल्या.

"अध्यक्षांचे आभार," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांचे आभार. आमच्या साहेबांचे विशेष आभार, कारण त्यांनी माझा निबंध वाचला. त्यातलं एक पान त्यांच्याकडून राहिलं, ते वाचायची संधी मला मिळतेय म्हणून संयोजकांचेही आभार. मी आभार मानते वाइंडिंग खात्यातल्या बायकांचे. त्यांच्या गाठी मी भिंगाखाली पाहिल्या."

आभारप्रदर्शन अर्ध्यावर तोडायचं कसं, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. चिटणीसांनी माझ्याकडे बघून टेबलाखालून हात फिरवला. मी छताकडे बघितलं. त्यांनी परत फिरवला, जोराने. मी पदराने घाम पुसत बसले. मग ते स्वतःच उठले, ताडताड माझ्याकडे आले आणि भिंतीतला प्लग उपसून काढला.

"ओ, हे काय करताय!" मी ओरडले.

"मशीन बिघडलंय तुझं," ते म्हणाले आणि प्लग हातात घेऊन उभेच राहिले.

त्याच वेळी खालच्या रस्त्यावरून मोर्चा आला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, झालाच पाहिजे!" हजारो गळे. खिडक्यांची तावदानं थरथरली. शांताताई जिवाच्या आकांताने बोलत होत्या, पण पहिल्या रांगेलाही ऐकू जात नव्हतं. साहेब पाहुण्यांना हसून काहीतरी सांगत होते. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात सतरंजीवरून कृष्णाबाई उठली. पदर खोचून हॉलच्या मधल्या वाटेत जाऊन उभी राहिली, तोंड स्टेजकडे. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई म्हनत्यात, गाठ शाबूत हाय!"

गिरणीत ज्यांनी काम केलं नाही त्यांना हे कळायचं नाही. खात्यात यंत्रांचा असा खडखडाट असतो की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. बायका दिवसभर एकमेकींशी बोलतात त्या ओठांवरून. आवाज काढतच नाहीत. समोरचीने फक्त ओठ हलवायचे, हिने वाचायचे. घरचं भांडण, पोराचा ताप, मुकादमाची नक्कल, सगळं तसंच चालतं. चांगल्या लांबच्या यंत्रावरची बाईही ते वाचते.

शांताताईंना क्षणात कळलं. त्यांनी ओरडणं थांबवलं. कागद खाली ठेवला. मान वर करून, ओठ पुरते उघडून, एक एक शब्द त्या नुसता आकाराने बोलू लागल्या. आवाज अजिबात नाही. आणि मधल्या वाटेतून कृष्णाबाईचा आवाज उठत होता.

"सूत तुटतंय गाठीपासनं लांब!"

"पिपं लई तापत्यात!"

"खळ करपतीया, म्हनून सूत मोडतंय!"

खाली मोर्चा गर्जत होता आणि त्याच्यावर चढून ही बाई गर्जत होती. मागच्या जॉबरांतले काही उभे राहिले. तेही साच्याखात्यात जन्म काढलेले, तेही ओठ वाचणारे. एकजण म्हणाला, "बरोबर बोलते कृष्णाबाई, तेच बोलतायत त्या." खळीच्या खात्याचा मास्तर मान खाली घालून बुटाकडे बघत होता.

शेवटचं वाक्य कृष्णाबाईने जरा थांबून सांगितलं.

"बाई म्हनत्यात, ह्ये काम माजं हाय. माजं नाव शांता जाधव."

चिटणीसांना आता काय करावं सुचेना. त्यांनी प्लग टाकला, धावत स्टेजवर गेले आणि राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे ताठ उभे राहिले, शांताताईही, कृष्णाबाईही. बाईला गप्प करायला या लोकांनी शेवटी राष्ट्रगीत वापरलं, हे मी कधी विसरणार नाही.

पुढे काय झालं ते सांगते. पिंपांची आच गुपचूप कमी झाली, साचे कमी थांबू लागले. बायकांना काढायची भाषा काही काळ थंडावली. ती पुढे परत निघालीच, पण त्यातल्या काहींच्या पोरांची शिक्षणं तेवढ्या काळात उरकली. श्रेय कोणाला मिळालं? परिषदेचा अहवाल छापून आला, त्यात निबंध साहेबांच्या नावाने. शांताताईंबद्दल एक ओळ : 'अखेरीस कु. जाधव यांनी गोड शब्दांत आभार मानले.' गोड! वर्षाच्या आत त्यांना प्रयोगशाळेतून काढून कोठारात कांड्या मोजायला बसवलं. त्यांनी नोकरी सोडली आणि परळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मुलींना विज्ञान शिकवलं. दरवर्षी नव्या वर्गाला त्या दुकानात आणायच्या, माइक कसा चालतो ते दाखवायला, आणि प्रत्येक मुलीला माइकवर स्वतःचं नाव सांगायला लावायच्या. आता त्या नाहीत, कृष्णाबाईही नाही. त्या हॉलचे मला आगाऊ ठरलेले कार्यक्रम पुढे मिळाले नाहीत, ते सोडा.

त्यानंतर राज्य झालं, मुंबई मिळाली, गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मशीनमधले व्हॉल्व्ह गेले, माइक बोटाएवढे झाले. आणि आभार मानायला एक बाई अजून हवीच आहे. बाकी सगळं बदललं तरी हे मात्र कोणाला बदलावंसं वाटलं नाही. आता म्हणे ते 'दिसायला हवी' म्हणतात. अहो, दिसायला हवी म्हणजे काय? ऐकायला नको?

काल मी प्राचीला परत फोन केला आणि हे सगळं सांगितलं.

"मग मी काय करू आत्या? नाही म्हणू?"

"आधी साहेबाला विचार, माझं काम मी का नाही बोलायचं? एकटीने केबिनमध्ये नको, चारचौघांत विचार."

"आणि तरी नाही म्हणाले तर?"

"तर आभार घे. माइक तुझ्या मापाचा लावायला सांग. आणि मला पास पाठव. मी मशीनशेजारी स्टूल टाकून बसते."

"तू? कशाला गं, या वयात?"

"प्लगवर पाय ठेवून बसायला."